कॅमेरा बदलू का, काका?

प्रश्न : काका, रामराम. मी नागभीड तालुक्यातल्या एका गावात फोटोचं काम करतो. लग्न, बारसं, शाळेचे ग्रुप फोटो, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा, शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि नाटकं. कॅमेरा निकॉन डी 7000, 2014 मध्ये सेकंडहँड घेतलेला. सोबत 18-105 ची किट लेन्स आणि 50 एमएम 1.8 डी. कॅमेरा अजून कुरकुरत नाही. पण आता पार्टी भाव विचारायच्या आधी "मिररलेस आहे का?" विचारते. बाजूच्या गावातल्या पोरानं हप्त्यानं घेतला आणि या हंगामात माझी दोन लग्नं तिकडं गेली. नागपूरच्या दुकानदारानं फुल फ्रेम मिररलेस आणि लेन्स मिळून दोन लाखांच्या घरात सांगितले आहेत. निम्मे धानाच्या चुकाऱ्यातून देईन, निम्मे हप्त्यानं. आई म्हणते, "चांगला चालून रायला ना, मंग काहाले?" नव्या कॅमेऱ्यात खरंच एवढं काही आहे का?
— एक फोटोवाला, ता. नागभीड

उत्तर : रामराम. मी स्वतः 2021 पासून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा वापरतो, म्हणजे जुन्यालाच कवटाळून बसणाऱ्यांतला मी नाही. पण एकदा नको त्या कारणासाठी कॅमेरा बदलून पस्तावलोय, ते आधी ऐक.

2009 मध्ये मी माझा डी 70 बाजूला ठेवून डी 90 घेतला. सहाचे बारा मेगापिक्सेल झाले, या एवढ्याच आनंदात. पहिलंच लग्न सिंदेवाहीकडं, रात्रीचं. मांडवात चार ट्यूबलाइट, स्टेजवर दोन हॅलोजन, वरमालेला नवरदेवाला मित्रांनी खांद्यावर उचललेलं. लेन्स माझी तीच जुनी, झूम केली की 5.6 वर जाणारी (हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो). घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले तर अर्धे फोटो हललेले. पूर्वीही हलायचेच, आता बारा मेगापिक्सेलमध्ये हललेले दिसत होते, एवढाच फरक. त्या वर्षी तेवढ्याच पैशात मी दोन चांगल्या लेन्स आणि एक फ्लॅश घेऊ शकलो असतो.

म्हणून मेगापिक्सेलचा हिशेब आधी उरकून टाकू. तुझा डी 7000 म्हणजे 16 मेगापिक्सेल, फोटोची रुंदी 4928 ठिपके. नवा 24 चा घेतलास तर रुंदी 6000. ऐकायला दीडपट, पण रुंदीत वाढ जेमतेम 22 टक्के. आपल्या करिझ्मा अल्बमची शीट 12 बाय 36, म्हणजे एक पान 18 इंचाचं. एका पानावर एक फोटो लावलास तर तुझ्या कॅमेऱ्याचे इंचाला 270 च्या वर ठिपके पडतात, नव्याचे 333. नवरीची आजी तो अल्बम मांडीवर घेऊन, चष्मा पुसून बघते तेव्हा तिला हा फरक दिसत नाही. मलाही दिसत नाही, आणि माझं पोट याच्यावर आहे. माझ्या दुकानात काउंटरच्या मागं पोळ्याचा एक फोटो लावला आहे. म्हातारा बैलाच्या शिंगाला बेगड लावतोय, बेगडाचा एक तुकडा त्याच्याच मिशीला चिकटलाय. डी 70 चा फोटो आहे तो, सहा मेगापिक्सेलचा, 12 बाय 18 मध्ये काढलेला. वीस वर्षं होत आली. "कोणाचा बैल आहे जी?" असं लोक विचारतात. मेगापिक्सेल किती, हे आजवर एकानंही विचारलं नाही.

आता उजेड. फुल फ्रेमचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा भाग, तुझ्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडा मोठा असतो. म्हणजे अंधारात एका स्टॉपच्या (दुप्पट उजेडाच्या) वर फायदा, शिवाय दहा वर्षांत सेन्सर सुधारले त्याचा आणखी थोडा. खोटं नाही ते. पण तुझी 18-105 पूर्ण झूमला 5.6 वर असते. तिच्या जागी 85 एमएम 1.8 जी लावलीस तर उजेड जवळपास दहा पट आत येतो. सव्वादोन एका बाजूला ठेव, दहा दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्या किमतीही शेजारी लिही. नाटकाच्या स्टेजसाठी तुझ्या कॅमेऱ्यावर 85 सारखी दुसरी लेन्स नाही. घरातल्या बारशाला ती लांब पडेल, तिथं 35 एमएम 1.8 जी.

एवढं वाचून तू म्हणशील, काका नकोच म्हणतात. थांब. एक गोष्ट नव्यात खरंच वेगळी आहे, ती म्हणजे फोकस.

तुझ्या कॅमेऱ्यात फोकसची यंत्रणा आरशाच्या खाली वेगळी बसवलेली असते. फोकसचे ठिपके 39, पण सगळे मधल्या भागात गोळा झालेले. नवरी कोपऱ्यात असली की तू मधल्या ठिपक्यावर फोकस धरून कॅमेरा सरकवतोस ना? तेवढ्यात ती अर्धं पाऊल पुढं येते आणि डोळ्याऐवजी कानातल्या झुमक्यावर फोकस बसतो. मिररलेसमध्ये फोकस खुद्द सेन्सरवरच होतो, जवळपास पूर्ण फ्रेमभर, आणि कॅमेरा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतो. मला हे पटलं ते दुकानात नाही, नवरगावच्या एका नाटकात. माझ्या भाच्यानं त्याचा नवा कॅमेरा माझ्या हातात दिला. दुसरा अंक, रात्रीचा एक वाजून गेलेला, थंडी मी म्हणत होती. लावणी सुरू झाली. बाई स्टेजच्या या टोकाहून त्या टोकाला गिरक्या घेत जात होती, आणि फोकसचा तो हिरवा चौकोन तिच्या डाव्या डोळ्यावरून हलायला तयार नाही. गिरकीत पाठ झाली की सुटायचा, तोंड वळलं की परत डोळ्यावर. त्या एका लावणीचे माझ्या जुन्या कॅमेऱ्यानं चार फोटो धड आले असते. त्या रात्री जवळपास सगळेच आले. तीस वर्षं हात बसवून जे कमावलं ते हा डबा पहिल्याच रात्री करतो, याचा जरा रागही आला.

आणि त्याच रात्री त्याच कॅमेऱ्यानं मातीही खाल्ली. भाच्यानं सायलेंट शटर लावलं होतं, पुढच्या रांगेला आवाज नको म्हणून. वडश्याकडच्या नाटक मंडळ्यांकडं आता हॅलोजन गेले, सगळे एलईडी आले. स्वस्तातले एलईडी विजेच्या तालावर सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण सायलेंट शटरमध्ये सेन्सर वरून खाली ओळी-ओळीनं वाचला जातो. त्यामुळं खलनायकाच्या तोंडावर आडवे पट्टे, जणू बाजेवर झोपून उठला. मेकॅनिकल शटर लावलं, स्पीड 1/100 वर आणला, पट्टे गेले. पण तोवर पहिला अंक गेलेला.

आपल्या भागात अजून दोन गोष्टी पाहाव्या लागतात, ज्या दुकानदार सांगत नाही. एक बॅटरी. तुझा डी 7000 एका चार्जवर कंपनीच्या मोजणीनं 1050 फोटो देतो. निकॉनचाच लहान मिररलेस झेड 50 त्याच मोजणीनं 300 च्या आसपास. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण प्रमाण तेच राहतं. गावात लाइन गेली आणि वरात अजून पारावरच असली तर खिशात तीन बॅटऱ्या हव्यात, तो खर्च दोन लाखांच्या वरचा. (नव्या बऱ्याच कॅमेऱ्यांना टाइप-सी केबल लावून पॉवर बँकेवर चार्ज करता येतं, हे मात्र आपल्यासाठी फार कामाचं.) दुसरी गोष्ट ऊन. आपले लग्नाचे महिने एप्रिल-मे. ब्रह्मपुरीचा पारा 46-47 ला टेकतो, आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात त्याहून काय होतं ते तुला सांगायला नको. लहान बॉडीचे काही कॅमेरे 4के व्हिडिओ घेता घेता तापून बंद पडतात. घेण्याआधी दुकानदाराला सांग, भर दुपारी गच्चीवर अर्धा तास 4के चालवून दाखवा. नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आलं.

शंकरपटाच्या धुळीत मात्र मी अजून जुनाच डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा नेतो. लेन्स काढली की त्यात सेन्सरच्या पुढं आरसा आणि शटरचा पडदा असतो. बऱ्याच मिररलेसमध्ये सेन्सर उघडाच डोळे वटारून बसलेला.

आता तुझी दोन लग्नं गेली, त्याकडं येऊ. माझा अंदाज आहे की ती फोटोसाठी गेलीच नाहीत. पार्टी "मिररलेस" म्हणते तेव्हा तिच्या मनात रील असते. नवरीची एन्ट्री, मागं गाणं, चेहऱ्यावर फोकस घट्ट, मागचं सगळं धूसर. तुझा डी 7000 फुल एचडी व्हिडिओ घेतो तो सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे स्लो मोशन विसर. शिवाय व्हिडिओत त्याचा फोकस पुढं-मागं डोलत बसतो. तिथं तुझ्याकडं उत्तर नाही, आणि 85 ची लेन्स घेऊनही ते मिळणार नाही. म्हणून आधी त्या दोन घरी चहाला जा. आपल्याकडं लोक तोंडावर सांगायला लाजत नाहीत. "भाऊ, फोटो तुहेच चांगले, पन त्याईच्या पोरानं व्हिडिओ भारी बनवला" असं ऐकू आलं तर तुला कॅमेरा बदलायचं खरं कारण मिळालं. आणि "त्यानं पाच हजार कमी घेतले" असं ऐकू आलं तर दोन लाख वाचले.

दुसरं काम, एक वही कर. या हंगामात जेवढे फोटो डिलीट करशील त्यांच्यापुढं कारण लिही. डोळे मिटले, हलला, फोकस चुकला, फ्लॅशनं चेहरा पांढरा, कोणीतरी आडवा आला. मी 2020 च्या हंगामात केली होती अशी वही, शाळेची शंभर पानी, लॉकडाऊन लागल्यानं अर्धीच भरली. त्यात "फोकस चुकला" इतक्या वेळा आलं की पुढच्या वर्षी कॅमेरा घेताना मला कोणाला विचारावं लागलं नाही. तुझ्या वहीत "हलला" आणि "पांढरा" जास्त असेल तर लेन्स घे आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून ट्रिगरनं बाजूला लाव. "आडवा आला" जास्त असेल तर त्याला कंपन्यांनी अजून काही काढलेलं नाही. आपल्याकडं तो बहुतेक नवरदेवाचा मामा असतो.

घाई का करू नको म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. कॅमेरा कंपन्यांचा धंदा आक्रसला आहे. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2010 मध्ये 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यातून निघाले, 2023 मध्ये पाऊण कोटीच्या आसपास. बाकीचं गिऱ्हाईक मोबाइलनं नेलं. जे थोडे उरलो त्या आपल्यालाच दर दोन-तीन वर्षांनी नवं मॉडेल विकल्याशिवाय त्यांचं भागत नाही. दुकानदाराचंही तसंच. मी त्यांना दोष देत नाही, मीही गिऱ्हाइकाला मोठी फ्रेम सुचवतोच. पण दुसरी बाजूही खरी आहे. निकॉन आणि कॅनन दोघांनीही 2020 नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही. आज ना उद्या सुटे भाग मिळणं अवघड होईल. म्हणजे कधीतरी जायचंच आहे, फक्त पळत जायचं नाही.

तर तुझ्या जागी मी काय केलं असतं? धानाच्या चुकाऱ्यातून या वर्षी 85 ची 1.8 जी, जमली तर सेकंडहँड. ती पुढं निकॉनच्या मिररलेसवर अडॅप्टर लावून ऑटोफोकससकट चालेल. तुझी 50 एमएम डी मात्र तशी चालणार नाही. ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही. फोटो येतील, फोकस हातानं फिरवावा लागेल. हे दुकानदारानं सांगितलं होतं का तुला? व्हिडिओसाठी तीन-चार लग्नांना नागपूर किंवा चंद्रपूरहून मिररलेस भाड्यानं आण. भाडं पार्टीच्या बिलात धर. भाड्याच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओच्या ऑर्डरी वाढल्या तर दिवाळीनंतर बिनधास्त घे, हप्ता त्याच भरतील. नाही वाढल्या तर आईपुढं कान पकडायची वेळ येणार नाही.

घेताना दोन कार्डांची सोय आहे का ते बघ. तुझ्या डी 7000 मध्ये दोन खाचा आहेत, दुसरी बॅकअपवर लावलेली असेल अशी आशा करतो. फुल फ्रेममधल्या स्वस्त मॉडेलांपैकी काहींत एकच खाच असते, जशी कॅननच्या आर 8 ला. निकॉन झेड 5 जुना आहे, 2020 चा, पण त्याला दोन आहेत. लग्न पुन्हा लावता येत नाही.

आणि शटर आजवर किती वेळा चाललं ते तपासून घे. डी 7000 चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. तुझा त्या आकड्याच्या जवळ गेला असेल तर तुला नव्या कॅमेऱ्याआधी दुसरा कॅमेरा हवा, मग तो जुना का असेना. कन्यादानाच्या वेळी शटर अडकलं तर बाजूच्या गावातला पोरगा तुला त्याचा देणार नाही.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यात शिक्षक आहे. सारस पक्ष्यांचे फोटो काढण्याचा छंद आहे. निकॉन पी 900 आहे, 2016 मध्ये घेतला. आता पी 950 घ्यावा असं मित्र म्हणतात. फोटो फार सुधारतील का?
— एक शिक्षक, जि. गोंदिया

उत्तर : गुरुजी, लेन्स तीच आहे. 83 पट झूम, 2000 एमएमपर्यंत. सेन्सरही त्याच मापाचा, फुल फ्रेमच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढा. पी 950 मध्ये रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल मिळते, 4के व्हिडिओ मिळतो, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर बरा आहे. तुम्ही रॉ फाइल कॉम्प्युटरवर बसून धुणार असाल तरच विचार करा. मोबाइलवरून ग्रुपवर टाकत असाल तर पैसे राहू द्या.

तुमचे फोटो मऊ येत असतील तर त्याचं कारण बहुतेक कॅमेऱ्यात नाही, तुमच्यात आणि पक्ष्यामध्ये आहे. कापणी झालेल्या बांधीवर दहा वाजले की जमिनीतून वाफ उठते आणि हवा लाटांसारखी हालते. तीनशे मीटरवरच्या सारसाची लांब मान त्यात शेवयांसारखी दिसते. दोन लाखांची लेन्स लावा, तरी तसंच. उजाडता जा, उन्हं वर यायच्या आत उरका. ट्रायपॉड नेणं होत नसेल तर जुन्या पँटचा पाय शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरा, शेताच्या धुऱ्यावर ठेवा, त्यावर कॅमेरा. 2000 एमएमला याच्याइतका फरक नव्या मॉडेलनं पडणार नाही. पावसाळ्यात घरटं धानात असतं तेव्हा मात्र जवळ जाऊ नका. तुमच्याकडं 83 पट झूम आहे ती त्याचसाठी.

प्रश्न : घरी कॅनन 600 डी पडून आहे. दुकानदार एक्स्चेंजमध्ये साडेतीन हजार देतो म्हणतो. देऊन टाकू का? मुलगी अकरावीत आहे, तिला फोटोग्राफीची आवड दिसते.
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : देऊ नका. 18 मेगापिक्सेल आहे, वळणारा स्क्रीन आहे, शिकायला मॅन्युअलची सगळी बटणं आहेत. साडेतीन हजारांत तिला एवढं शिकवणारं दुसरं काही मिळणार नाही. कॅननची 50 एमएम 1.8 एसटीएम तेवढी घेऊन द्या.

पण हातात देण्याआधी जुनी लेन्स काढून तिच्यातून मोबाइलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. दोन पावसाळे कपाटात, चामड्याच्या बॅगेत राहिली की होतं तसं. ती लेन्स साफ होईपर्यंत नव्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका. नव्यासाठी घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. तांदळात मात्र लेन्स ठेवू नका, त्याचा भुसा आत जातो. वर गुरुजींना तांदूळ सांगितला तो पिशवीत शिवून, हे लक्षात असू द्या.